कानाने घडलेला वादक : लिटल वॉल्टर

शाळेच्या स्नेहसंमेलनात माउथऑर्गन वाजवणारा एखादा मुलगा प्रत्येक पिढीत असतोच. खिशात मावणारे, अल्प किमतीचे आणि कुणाच्याही हाती सहज येणारे हे वाद्य. कदाचित म्हणूनच पेटी, सतार किंवा व्हायोलिन यांना मिळणारा मान त्याच्या वाट्याला सहसा येत नाही. खेळणे आणि वाद्य यांच्या सीमेवर ते कायम रेंगाळत राहिले आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतही त्याची स्थिती फारशी वेगळी नव्हती. तेथील कृष्णवर्णीयांच्या ब्लूज या गानप्रकारात त्याला स्थान होते खरे, परंतु ते बहुधा गायकाच्या दोन ओळींमधली पोकळी भरून काढण्यापुरते. हे वाद्य वाद्यवृंदाच्या अग्रभागी आणून बसवण्याचे श्रेय ज्या तरुणाला दिले जाते, त्याचे शालेय शिक्षण वयाच्या बाराव्या वर्षाच्या आसपास संपले होते आणि स्वरलेखनाशी त्याचा कधी संबंध आला नव्हता. त्याचे नाव मॅरियन वॉल्टर जेकब्स. संगीताच्या जगाला तो लिटल वॉल्टर या नावाने परिचित आहे.

शाळेच्या स्मरणिकेत शाळा सोडून गेलेल्या मुलाचे चरित्र यावे, हे कुणाला विचित्र वाटेल. परंतु शिकणे म्हणजे काय, हा प्रश्न वॉल्टरच्या आयुष्याइतक्या नेमकेपणाने क्वचितच पुढे येतो. आणि त्या आयुष्याची दुसरी, काळोखी बाजूही नजरेआड करण्यासारखी नाही.

लुइझियाना राज्यातील मार्क्सव्हिल या लहानशा गावी १ मे १९३० रोजी वॉल्टरचा जन्म झाला, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. त्याचे बालपण त्याच राज्यातील अलेक्झांड्रिया शहराच्या परिसरात गेले. अमेरिकेच्या दक्षिणेकडील त्या भागात तेव्हा वर्णभेदाला कायद्याचा आधार होता. गोऱ्यांच्या आणि कृष्णवर्णीयांच्या शाळा वेगळ्या, रेल्वेतील बसण्याच्या जागा वेगळ्या, उपाहारगृहांची दारेही वेगळी. आठव्या वर्षाच्या सुमारास माउथऑर्गन त्याच्या हाती आला. बाराव्या वर्षाच्या आसपास त्याने घर सोडले आणि न्यू ऑर्लिन्स, मेम्फिस, हेलिना, सेंट लुइस अशा गावांतून तो भटकत राहिला. मिळेल ते किरकोळ काम करावे आणि रस्त्याच्या कडेला उभे राहून वाजवावे, हा त्याचा दिनक्रम. ऐकणाऱ्यांनी टाकलेल्या नाण्यांवर पोट चालवणाऱ्या मुलाला कोणता सूर थांबवून धरतो आणि कोणत्या सुरावर लोक पुढे निघून जातात, हे फार लवकर उमगते.

वॉल्टरने कानाने नेमके काय कमावले हे समजण्यासाठी या वाद्याची थोडी ओळख करून घ्यावी लागते. ब्लूज वादकांचा माउथऑर्गन दहा छिद्रांचा असतो. प्रत्येक छिद्राला पितळेच्या दोन पाती. फुंकर मारली की एक वाजते, श्वास आत ओढला की दुसरी. आपल्या पेटीच्या आणि या वाद्याच्या आवाजामागील तत्त्व एकच आहे. पेटीत भाता जे काम करतो ते येथे फुप्फुसे करतात. जर्मनीतील ट्रॉसिंगेन येथील होनर कंपनी १८९६ पासून ‘मरीन बँड’ या नावाने असे माउथऑर्गन बनवत होती. त्यांची रचना युरोपातील साध्या लोकधुना डोळ्यांसमोर ठेवून केलेली. एका वाद्यात एकच पट्टी, आणि खालच्या सप्तकातले दोन स्वर तर मुळातच गाळलेले.

अमेरिकेच्या दक्षिणेतील वादकांनी हे वाद्य जणू उलट्या बाजूने धरले. सी पट्टीचा माउथऑर्गन घ्यायचा, पण सी हा षड्ज मानायचा नाही. दुसऱ्या छिद्रातून श्वास ओढल्यावर जो जी निघतो, त्याला षड्ज मानायचे. पंचमाला षड्ज मानून मूर्च्छना कशी बदलते हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांच्या ही युक्ती चटकन लक्षात येईल. असे केल्याने कोमल निषाद आयता मिळतो, आणि महत्त्वाचे स्वर फुंकण्याऐवजी श्वास ओढून वाजू लागतात. ओढलेल्या स्वराचा गुण असा की जिभेचा व घशाचा आकार बदलून तो खाली वाकवता येतो. तिसऱ्या छिद्रातील शुद्ध गंधार हळूहळू कोमल गंधारापर्यंत उतरतो, चौथ्यातील पंचम तीव्र मध्यमाकडे झुकतो. कारखान्यात गाळलेले दोन स्वरही याच मार्गाने परत मिळवता येतात. ब्लूजचा प्राण शुद्ध आणि कोमल गंधाराच्या दरम्यान कुठेतरी वसतो, जिथे पियानोवर बोट ठेवायला जागाच नाही. एका स्वस्त जर्मन वाद्यात ती जागा लपलेली आहे, हा शोध कोणा एकाच्या नावावर नाही.

ही विद्या शिकवावी तरी कशी? गिटारवादकाची बोटे दिसतात, तबलजीचे हात दिसतात. माउथऑर्गनवादकाचे सारे काम मिटलेल्या तोंडात चालते, आणि जे थोडेफार दिसू शकेल ते दोन्ही हातांच्या ओंजळीआड झाकलेले असते. गुरू अगदी समोर बसला तरी त्याची जीभ कुठे टेकली आहे हे शिष्याला कळत नाही. एकलव्यापुढे निदान द्रोणाचार्यांची मूर्ती तरी होती. या वाद्याच्या विद्यार्थ्यापुढे पुष्कळदा नुसता आवाज असे. तो आवाज ऐकायचा, मनात धरून ठेवायचा, आणि मग आपल्या तोंडात त्याची जागा शोधत बसायचे. सापडली असे वाटले की पुन्हा मूळ आवाज ऐकायचा, आणि आपली चूक कुठे झाली हे आपणच ठरवायचे.

वॉल्टरला हा आवाज प्रामुख्याने तबकडीवर भेटला. मिनिटाला ७८ फेऱ्या घेणारी ती तबकडी एका बाजूला सुमारे तीन मिनिटे वाजे. त्या तबकड्यांवर माउथऑर्गनचा निर्विवाद राजा होता टेनेसी राज्यातील जॅक्सन गावचा जॉन ली विल्यमसन, म्हणजेच सॉनी बॉय. १९३७ पासून ध्वनिमुद्रणे करणारा हा कलावंत एक ओळ गायचा आणि तिचेच उत्तर वाद्यातून द्यायचा. गळा कुठे थांबला आणि वाद्य कुठे सुरू झाले हे कळू नये इतके ते एकजीव असे. वॉल्टरने ही शैली इतकी आत्मसात केली की १९४७ मधील त्याच्या अगदी पहिल्या ध्वनिमुद्रणात सॉनी बॉयची सावली स्पष्ट जाणवते.

दुसरा सॉनी बॉय त्याला प्रत्यक्ष भेटला. राइस मिलर या वादकाने पहिल्याचेच नाव धारण केले होते, आणि त्यामुळे आजही अभ्यासकांची त्रेधा उडते. अर्कान्सा राज्यातील हेलिना गावच्या केएफएफए या रेडिओ केंद्रावर १९४१ पासून ‘किंग बिस्किट टाइम’ हा कार्यक्रम दुपारच्या वेळी लागत असे. पिठाच्या जाहिरातीसाठी सुरू झालेल्या या कार्यक्रमात राइस मिलर वाजवी, आणि मिसिसिपीच्या दोन्ही तीरांवरील शेतमजूर जेवणाच्या सुट्टीत तो ऐकत. किशोरवयीन वॉल्टर हेलिनाला पोहोचला तो या मंडळींच्या सहवासात. मिलरच्या वादनात स्वरांची गर्दी नव्हती. एकच स्वर ओंजळ उघडून-मिटून असा काही बोलता करायचा की ऐकणाऱ्याने हातातले काम थांबवावे. वॉल्टरने तेही टिपले.

एवढ्यावरच तो थांबला असता तर एक उत्तम ब्लूज वादक म्हणून त्याची नोंद झाली असती. पण त्याचे कान माउथऑर्गनपुरते मर्यादित नव्हते. त्या काळी लुई जॉर्डन या सॅक्सोफोनवादकाचे उडत्या चालीचे संगीत देशभर गाजत होते. वॉल्टरने जॉर्डनच्या सॅक्सोफोनच्या सुरावटी माउथऑर्गनवर काढण्याचा ध्यास घेतला. सॅक्सोफोनच्या वाक्यांची लांबी निराळी, श्वास घेण्याच्या जागा निराळ्या, स्वरांची उडीही निराळी. विधिवत शिक्षण देणाऱ्या कुणी कदाचित त्याला सांगितले असते की या दहा छिद्रांत ते बसणार नाही. सांगणारे कुणी नव्हते, आणि त्याने ते बसवले. त्याच्या पुढील साऱ्या वादनाचे मूळ या खटाटोपात आहे. आपल्याच वाद्यावरील थोरांचे अनुकरण पुष्कळांनी केले होते. दुसऱ्या वाद्याचे बोलणे आपल्या वाद्याच्या तोंडी घालण्याचा हा उद्योग मात्र फारच थोड्यांनी केला.

१९४५-४६ च्या सुमारास वॉल्टर शिकागोला आला. दक्षिणेतील दारिद्र्याला आणि अपमानाला कंटाळलेली लक्षावधी कृष्णवर्णीय माणसे त्या काळात उत्तरेकडील कारखान्यांच्या शहरांत स्थलांतरित होत होती, आणि त्यांचे संगीतही त्यांच्याबरोबर येत होते. शिकागोच्या मॅक्सवेल स्ट्रीटवर रविवारी उघडा बाजार भरत असे. जुने कपडे, भाजीपाला, हत्यारे, खाद्यपदार्थ यांच्या गर्दीत वादक आपले बस्तान मांडत, आणि जवळच्या घरातून किंवा दुकानातून तार ओढून घेऊन विजेवरचे ध्वनिवर्धक चालवत. याच रस्त्यावरील एका रेडिओ व तबकड्यांच्या दुकानदाराच्या ओरा-नेल या इवल्याशा कंपनीसाठी त्याने ते पहिले ध्वनिमुद्रण केले. पुढच्याच वर्षी, १९४८ च्या जूनमध्ये, त्याचा आदर्श असलेला जॉन ली विल्यमसन शिकागोतच मारेकऱ्यांच्या हल्ल्यात मरण पावला. तेव्हा त्याचे वय अवघे ३४ होते.

बाजाराच्या कोलाहलात आणि विजेच्या गिटारीसमोर साध्या माउथऑर्गनचा निभाव लागत नव्हता. वॉल्टरने साधा हातातला मायक्रोफोन वाद्यासह एकाच ओंजळीत धरला आणि ध्वनिवर्धकाचा आवाज वाढवला. मायक्रोफोनचा आधार घेणारा तो पहिला वादक नव्हे. परंतु बाकीच्यांनी त्यातून केवळ मोठा आवाज मिळवला, तर वॉल्टरने एक निराळा आवाज ऐकला. ध्वनिवर्धकाला झेपेनासे झाले की स्वराची कड फाटते, तो जाड आणि खरखरीत होतो. एरवी दोष मानली जाणारी ही गोष्ट त्याने ओंजळीच्या दाबाने कमी-अधिक करायला शिकून घेतली. दहा छिद्रांचे ते खेळणे कधी सॅक्सोफोनसारखे तर कधी एखाद्या ऑर्गनसारखे भरून वाजू लागले.

याच सुमारास तो मडी वॉटर्सच्या वाद्यवृंदात दाखल झाला. मिसिसिपीच्या कापसाच्या शेतांतून १९४३ मध्ये शिकागोला आलेला मडी वॉटर्स हा भारदस्त गळ्याचा गायक आणि गिटारवादक. त्याच्या साथीला जिमी रॉजर्सची दुसरी गिटार. या तिघांनी मिळून जे घडवले त्यालाच पुढे शिकागो ब्लूज हे नाव मिळाले. १९५० पासून वॉल्टर त्याच्याबरोबर चेस कंपनीच्या ध्वनिमुद्रणांत वाजवू लागला. लेनर्ड आणि फिल चेस हे पोलंडहून आलेले ज्यू बंधू त्या कंपनीचे मालक होते. या तबकड्या आज ऐकताना वॉल्टरच्या कानाची दुसरी शक्ती जाणवते. गायकाच्या वाटेत न येता त्याच्या प्रत्येक शब्दाला आधार देणे, कुठे गप्प राहायचे ते ओळखणे, हे उत्तम पेटीवाल्याचे कसब त्याच्या ठायी विशीतच होते.

१२ मे १९५२ रोजी मडी वॉटर्सच्याच ध्वनिमुद्रणाच्या वेळी वॉल्टरने आपल्या नावाने एक गाण्याविरहित धून मुद्रित केली. हा वाद्यवृंद आपल्या कार्यक्रमांत ती धून वाजवत असे. तिला ‘ज्यूक’ असे नाव देण्यात आले. ब्लूजचे बारा मापांचे आवर्तन, म्हणजे चार-चार मात्रांचे बारा खंड, पुन्हा पुन्हा येते आणि प्रत्येक आवर्तनात वॉल्टर काही नवे मांडतो. आरंभी चढत जाणारा एक छोटा स्वरसमूह पुनःपुन्हा, मग मोकळा विस्तार, मध्येच वाद्यवृंदाने ताल थांबवून दिलेली जागा. चेसच्या चेकर या शाखेने प्रकाशित केलेली ही तबकडी कृष्णवर्णीय श्रोत्यांच्या लोकप्रियतेच्या यादीत आठ आठवडे अग्रस्थानी राहिली. त्या यादीत माउथऑर्गनच्या केवळ वाद्यधुनेने पहिला क्रमांक मिळवल्याचे दुसरे उदाहरण नाही. वाद्यवृंद लुइझियानातील श्रीव्हपोर्ट येथे दौऱ्यावर असताना ज्यूकबॉक्सवर आपलीच धून पुन्हा पुन्हा वाजताना वॉल्टरने ऐकली आणि सहकाऱ्यांना तिथेच सोडून तो शिकागोला परतला, अशी हकीकत सांगितली जाते. त्याच राज्यातून दहा वर्षांपूर्वी तो रिकाम्या हाताने बाहेर पडला होता.

शिकागोत त्याने ज्युनियर वेल्स या तरुण वादकाचे साथीदार आपल्याकडे घेतले आणि मडी वॉटर्सकडील त्याची जागा वेल्सने घेतली. जणू दोन घरांनी माणसांची अदलाबदल केली. या साथीदारांत लुई आणि डेव्ह मायर्स हे गिटारवादक बंधू होते आणि ड्रमवर होता फ्रेड बिलो. बिलोने शिकागोच्या संगीतविद्यालयात रीतसर शिक्षण घेतले होते, त्याचा पिंड जॅझचा होता, आणि ब्लूजची चाल आरंभी त्याला अनोळखी वाटली होती. विद्यालयात शिकलेला तालवादक आणि रस्त्यावर शिकलेला स्वरवादक यांची जोडी विलक्षण जमली. बिलोच्या हलक्या, उसळत्या तालामुळे वॉल्टरला सॅक्सोफोनची ती लांब वाक्ये मोकळेपणी बोलता आली. कानाने शिकणाऱ्याला शिकलेल्या माणसाची सोबत वर्ज्य नसते, हे पुष्कळदा विसरले जाते.

१९५२ ते १९५८ या काळात त्याच्या चौदा तबकड्या त्या यादीच्या पहिल्या दहांत पोहोचल्या. विली डिक्सनने लिहिलेले ‘माय बेब’ हे गीत १९५५ मध्ये पहिल्या क्रमांकावर गेले. स्वतःचा वाद्यवृंद असतानाही तो मडी वॉटर्सच्या ध्वनिमुद्रणांना जात राहिला. बटण दाबून अर्धस्वर काढता येणारा मोठा क्रोमॅटिक माउथऑर्गनही त्याने ब्लूजमध्ये आणला आणि त्यातून रात्रीच्या निर्जन रस्त्यासारखा खोल, संथ आवाज काढला.

मग उतार लागला. दशक संपता संपता रॉक अँड रोलने श्रोते ओढून नेले, पण वॉल्टरच्या पडझडीचे सारे खापर काळावर फोडता येणार नाही. दारूचे व्यसन, भडक डोके आणि हाणामाऱ्या यांनी त्याला पोखरले. चेहऱ्यावर जखमांचे व्रण वाढत गेले, साथीदार टिकेनासे झाले. बाराव्या वर्षाच्या आसपासपासून रस्त्यावर एकट्याने निभावताना जो ताठा उपयोगी पडला असेल, तोच तिशीत त्याच्या मुळावर आला. सुराच्या बाबतीत एवढी सूक्ष्म पारख असलेल्या त्या कानांनी हितचिंतकांचे ऐकले नाही. त्याला लहानपणी एखादी शाळा, एखादे स्थिर घर लाभले असते तर काय झाले असते, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. कदाचित असा वादक घडला नसता. कदाचित तो सत्तर वर्षे जगला असता.

१९६४ मध्ये आणि पुन्हा १९६७ मध्ये तो युरोपच्या दौऱ्यावर गेला. तेथील गोऱ्या तरुणांनी त्याच्या तबकड्या पाठ केल्या होत्या. समोर आलेला वादक मात्र थकलेला होता. १९६८ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या दक्षिण भागात एका हाणामारीत त्याला मार लागला. १५ फेब्रुवारीच्या पहाटे झोपेतच त्याचा मृत्यू झाला. मृत्यूच्या दाखल्यावर हृदयाच्या रक्तवाहिनीत गुठळी असे कारण नोंदवले गेले. मान्य जन्मतारखेप्रमाणे तो अवघा ३७ वर्षांचा होता. शिकागोजवळच्या एव्हरग्रीन पार्क येथील सेंट मेरीज दफनभूमीत त्याला पुरण्यात आले. त्या जागी नावाचा दगड नव्हता. १९९१ मध्ये त्याच्या चाहत्यांनी तो बसवला. २००८ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये त्याची नोंद झाली.

त्याच्यामागून आलेल्यांनी त्याला गाठले तेही कानानेच. पॉल बटरफील्ड, मेम्फिसहून शिकागोला आलेला चार्ली मसलव्हाइट, आणि त्यांच्यानंतरचे असंख्य अनाम विद्यार्थी ‘द बेस्ट ऑफ लिटल वॉल्टर’ ही दीर्घ तबकडी समोर घेऊन बसले. पहिला प्रश्न असे तो पट्टीचा. ‘ज्यूक’ ई मध्ये आहे. म्हणजे हातात ए पट्टीचा माउथऑर्गन हवा, एवढे कळायलाच कित्येकांना काही महिने लागले. मग कुणाच्या तरी लक्षात आले की ३३ फेऱ्यांची तबकडी यंत्राच्या १६ फेऱ्यांच्या वेगावर लावली की चाल निम्मी होते आणि स्वर बरोबर एक सप्तक खाली उतरतो. पट्टी तीच राहते. सुई उचलायची, दोन मापे मागे ठेवायची, पुन्हा ऐकायचे. अशा रीतीने ऐकल्यावर जो एक स्वर वाटला होता तो जिभेने मधली छिद्रे झाकून एकदम वाजवलेले दोन स्वर निघत, आणि महिन्याभराची मेहनत पुन्हा पहिल्यापासून सुरू होई.

लिटल वॉल्टर वाजवत असतानाचे जे थोडे चित्रण हाती आहे ते १९६७ च्या युरोप दौऱ्यातील. कोपनहेगनच्या एका स्टुडिओत तो दुसऱ्या गायकांना साथ करताना दिसतो. बरीच वर्षे दुर्लभ असलेले हे चित्रण २००४ मध्ये प्रकाशित झाले, तेव्हा जगभरातील माउथऑर्गनवादकांनी ते डोळ्यांत तेल घालून पाहिले. त्यातही त्याचे दोन्ही हात वाद्याभोवती घट्ट मिटलेले आहेत, आणि जीभ कुठे टेकली आहे ते दिसत नाही.